पाच गोलांचा माणूस: स्टॉपरची कारकीर्द वाचायची कशी?

१३२ आंतरराष्ट्रीय सामने, त्यात पाच गोल. सहा देशांतले नऊ क्लब. सतरा वर्षांच्या कारकिर्दीत मोठ्या लीगचं विजेतेपद एकदाच, आणि त्या हंगामातही तो निम्म्याहून जास्त काळ गुडघा धरून बाहेर बसलेला. देशासाठी खेळलेल्या सर्वांत मोठ्या सामन्यात त्याच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला खरा, पण ते जाळं स्वतःच्याच संघाचं होतं.

डेन्मार्कच्या सिमॉन केअरची ही आकडेवारी. (टीव्हीवर त्याला किआर, कियार असं काहीही म्हणतात, पण डॅनिश उच्चार ‘केअर’च्या जवळ जातो.) ही यादी तुमच्या-माझ्यासारख्या क्रिकेटवर पोसलेल्या माणसापुढे ठेवली तर तो म्हणेल, बरा होता, पण ग्रेट नाही. आणि तरी २०२१ साली जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठी जी निवड होते, त्या बॅलन डी’ओरच्या यादीत हा माणूस अठरावा आला.

माझा भाचा मोबाइलवर फुटबॉल खेळतो. दर जानेवारीत आणि उन्हाळ्यात खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली की त्याचा ठरलेला प्रश्न असतो, ‘मामा, गोल मारत नाही त्याला एवढे पैसे का देतात?’ प्रश्न वाजवी आहे. फलंदाजाच्या धावा मोजता येतात, गोलंदाजाचे बळी मोजता येतात. बचावपटूचं काय मोजायचं? त्याचं अर्धं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी. तेव्हा केअरलाच समोर धरून हा हिशेब मांडू.

स्टॉपर करतो तरी काय?

गोलकीपरच्या पुढे, बचावफळीच्या मधोमध जे दोघं (कधी तिघं) उभे असतात, त्यांना आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात स्टॉपर म्हणतात. केअर स्टॉपर होता. स्टॉपर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो घसरत जाऊन चेंडू काढून घेणारा दांडगा गडी. या घसरून चेंडू काढण्याला टॅकल म्हणतात, आणि टाळ्या त्यालाच मिळतात.

पण कबड्डी आठवा. चढाईवाला आत आला की उत्तम कोपरारक्षक काय करतो? लगेच झेप घेत नाही. पाय मागे, अंग तिरकं, नजर समोरच्याच्या कमरेवर. तो चढाईवाल्याला रेषेपासून लांब, बाजूच्या कोपऱ्यात ढकलत नेतो. झेप घ्यावी लागली तर ती शेवटी, आणि बऱ्याचदा घ्यावीच लागत नाही. बोनसही न मिळता गडी हात हलवत परत जातो. गुणफलकावर काहीच लागत नाही, पण बचावाच्या दृष्टीनं ती चढाई यशस्वी मोडलेली असते.

स्टॉपरचं तसंच. समोरून आघाडीचा खेळाडू चेंडू घेऊन आला की तो छाती समोर करून उभा राहत नाही, कारण तसं राहिलं की पायांमधून किंवा कुठल्याही बाजूनं निसटायची सोय होते. तो अंग तिरकं ठेवतो, म्हणजे एक बाजू बंद आणि एक उघडी. उघडी ठेवलेली बाजू मैदानाच्या कडेकडे नेणारी. ‘जा की, तिकडं जा,’ असं शरीरानं सांगणं. समोरचा तिकडे जातो, गोलचा कोन अरुंद होतो, फटका बाहेर जातो किंवा मारलाच जात नाही. टॅकल शून्य.

म्हणून ज्याला सामन्यात फार टॅकल करावे लागतात त्या स्टॉपरबद्दल जाणकार जरा साशंकच असतात. तो आधी चुकीच्या जागी उभा होता, म्हणून तर घसरावं लागलं.

झाकलेला चेंडू, उघडा चेंडू

आता जरा अवघड भाग. बचावफळीतले चौघं एकेकटे खेळत नाहीत, एका रेषेत मागे-पुढे सरकतात. ही रेषा कशासाठी, तर ऑफसाइडसाठी. हा नियम एकदाच सांगतो. आपल्या साथीदारानं चेंडू पुढे दिला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पलीकडे उभे असाल, तर तो चेंडू तुम्हाला खेळता येत नाही. शेवटचा माणूस बहुतेक वेळा गोलकीपर असतो, त्यामुळे ‘शेवटून दुसरा’ म्हणजे बचावफळीची रेषा. ती वर सरकली तर समोरच्या संघाचा अर्धा हल्ला आपोआप नियमबाह्य होतो. फक्त चौघांनी एकदम सरकायला हवं. एक जण अर्धा मीटर मागे राहिला की तिघांची मेहनत वाया. कबड्डीच्या साखळीतला एक हात सुटला की बाकीचे नुसते बघत राहतात, तसं.

पण कधी वर जायचं आणि कधी मागे, हे ठरवायचं कसं? इटलीत मुलांना याची एक सोपी खूण शिकवतात: चेंडू झाकलेला आहे की उघडा? चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर आपला माणूस गेलेला असेल, त्याला मान वर करून लांब पास द्यायला उसंत नसेल, तर चेंडू झाकलेला. तेव्हा रेषा वर. तोच माणूस मोकळा असेल, डोकं वर काढून मैदान न्याहाळत असेल, तर चेंडू उघडा. आता कुठल्याही क्षणी तो मागच्या मोकळ्या जागेत टाकेल, म्हणून आधीच चार पावलं मागे.

नव्वद मिनिटांत हा निर्णय शेकडो वेळा घ्यावा लागतो, आणि चौघांसाठी एकानं घ्यावा लागतो. तो एक म्हणजे केअर. तो एकोणिसाव्या वर्षी इटलीत पोहोचला आणि तिथलंच हे व्याकरण त्याच्या अंगात मुरलं. करोनाच्या काळात मैदानं रिकामी होती तेव्हा खेळाडूंच्या आरोळ्या टीव्हीवर स्वच्छ ऐकू यायच्या. एरवी प्रेक्षकांच्या गोंगाटात बुडणारं बचावाचं खरं काम, म्हणजे सतत ओरडून शेजाऱ्याला जागेवर ठेवणं, तेव्हा पहिल्यांदा नीट कानावर पडलं.

एखाद्या सामन्यात दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्या चौघांकडे बघा. सुरुवातीला कंटाळा येईल. मग दोरी ओढल्यासारखी ती रेषा वर-खाली होताना दिसायला लागते, आणि गोल होण्याच्या चार सेकंद आधीच कळतं की आता घोळ होणार.

गोल खाल्ला नाही, तर श्रेय कुणाचं?

सामन्यात एकही गोल न खाणं म्हणजे क्लीन शीट. आपल्या भाषेत निर्धाव षटक म्हणा. २०१३ साली केअर फ्रान्सच्या लील क्लबकडे गेला आणि त्याच हंगामात लीलनं सलग अकरा लीग सामन्यांत गोल खाल्ला नाही. अकरा! सगळीकडे नाव झालं ते नायजेरियाचा गोलकीपर व्हिन्सेंट एन्येआमाचं. तो होताच अफलातून, त्याचं काही काढून घ्यायचं नाही. पण त्याच्यापुढे केअर आणि मॉन्टेनेग्रोचा मार्को बाशा उभे होते, आणि गोलकीपरपर्यंत कोणता फटका पोहोचू द्यायचा, कुठल्या कोनातून, हे त्यांच्या हातात होतं. लील त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर आला.

बचावाचं श्रेय वाटून मिळतं आणि दोष मात्र एकट्याच्या नावावर चढतो.

पण एवढे क्लब बदलले, म्हणजे कुठेच टिकला नाही?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, म्हणून जरा सावकाश बघू.

केअर जन्मला १९८९ साली, डेन्मार्कमधल्या हॉर्सेन्स गावी. वडील मिट्युलँड क्लबात कर्मचारी होते, संघाचे कपडे आणि साहित्य सांभाळायचे. २००४ साली या क्लबानं मुलांसाठी निवासी अकादमी काढली. डेन्मार्कमधला तो पहिलाच असा प्रयोग. तिथं तेव्हा प्रशिक्षक असलेल्या रासमुस आंकरसन यांनी एक किस्सा अनेकदा सांगितला आहे. एक जागा रिकामी होती, दुसरं कुणी मिळेना, म्हणून साहित्यवाल्याच्या मुलाला घेतलं. पुढे प्रशिक्षकांनी यातली कोणती मुलं मोठी होतील त्यांची नावं लिहून पाकिटं बंद केली. काही वर्षांनी पाकिटं उघडली, तर सिमॉनचं नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं. रोज मैदानावर बघणाऱ्या जाणकारांचीही ही गत. स्टॉपर ओळखणं इतकं अवघड.

२००८ मध्ये इटलीच्या पालेर्मोनं त्याला सुमारे ४० लाख युरोंना घेतलं. इथं पैशांचा घोळ मिटवून टाकू. ही ट्रान्सफर फी खेळाडूच्या खिशात जात नाही, एक क्लब दुसऱ्या क्लबाला देतो. खेळाडू करारानं बांधलेला असतो. आपल्याकडे काही नोकऱ्यांत बाँड भरून देतात, मुदतीआधी सोडलं तर भरपाई. इथं ती भरपाई नवा मालक भरतो, इतकंच. कराराची मुदत संपली की खेळाडू फुकटात जाऊ शकतो. म्हणजे फीचा आकडा ही निव्वळ गुणांची किंमत नसते. वय किती, करार किती उरला, विकणाऱ्याला निकड किती, हे सगळं त्यात असतं.

पालेर्मोत दोन हंगाम झकास गेले. दुसऱ्या वर्षी संघ पाचवा आला. मग जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गनं सुमारे १ कोटी २० लाख युरो मोजले. किंमत तिप्पट झाली आणि संघ पंधराव्या स्थानावर घसरला, दुसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचला. पुढच्या वर्षी त्याला रोमाकडे लोनवर पाठवलं.

लोन म्हणजे कर्ज नव्हे, डेप्युटेशन. मूळ खात्यात नाव कायम, काम दुसऱ्या कार्यालयात. पुष्कळदा त्यात अशी सोय असते की वर्षाअखेर आवडला तर ठरलेल्या किमतीत कायमचा ठेवून घ्या. रोमाला आवडला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये लाझिओविरुद्ध, रोममधल्या सख्ख्या शेजाऱ्यांच्या भांडणात, केअरनं स्वतःच्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये पाडापाडी केली, समोरच्यांना पेनल्टी मिळवून दिली, लाल कार्ड घेतलं आणि रोमा शेवटच्या क्षणी हरली. त्या शहरात अशी गोष्ट विसरत नाहीत.

मग लील, तिथून तुर्कस्तानातलं फेनरबाचे, मग स्पेनचं सेविया. तिन्हीकडे नियमित खेळला. आणि २०१९ मध्ये पुन्हा लोनवर, इटलीतल्या अटलांटाकडे. इथं जे झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे.

अटलांटाचे तेव्हाचे प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी यांची पद्धत माणसाला माणूस लावण्याची. तुला हा दिला, तो गेला तिकडे तू जायचं, पार समोरच्या अर्ध्यात गेला तरी. म्हणजे वर सांगितलेली रेषा, झाकलेला-उघडा चेंडू, शेजाऱ्याला ओरडणं, यातलं फारसं काहीच नाही. धावा आणि पकडा. तिशी ओलांडलेल्या, वेगापेक्षा नजरेवर जगणाऱ्या केअरला ते झेपलं नाही. साखळीतल्या गड्याला खो-खोच्या मैदानात उतरवलं तर जे होईल तेच झालं. त्याला मोजकेच सामने मिळाले आणि अर्ध्या वर्षात त्याची बोळवण झाली.

जानेवारी २०२० मध्ये तो एसी मिलानकडे गेला, तेही लोनवरच. मिलाननं नुकतेच पाच गोल खाल्ले होते, आणि गंमत म्हणजे अटलांटाकडूनच, पाच-शून्य. मिलानचे तेव्हाचे प्रशिक्षक स्टेफानो पिओली यांची पद्धत वेगळी होती. चौघांची रेषा, मधे बोलणारा माणूस हवा. उन्हाळ्यात मिलाननं त्याला कायमचं घेतलं, सुमारे ३५ लाख युरोंत. एकविसाव्या वर्षी १ कोटी २० लाखांचा असलेला माणूस एकतिसाव्या वर्षी ३५ लाखांचा, आणि तरी हीच त्याची सर्वांत चांगली वर्षं. पुढच्या हंगामात मिलान दुसरं आलं. मार्च २०२१ मध्ये तर ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, भरपाई वेळेत त्यानं डोक्यानं गोल मारून सामना बरोबरीत सोडवला. आयुष्यात कधीतरी स्टॉपरलाही चेंडूच्या योग्य बाजूला उभं राहता येतं.

तेव्हा नऊ क्लबांचा अर्थ नऊ वेळा नापास असा नाही. यातल्या दोन-तीन ठिकाणी तो खरंच कमी पडला, आणि ते लपवायचं कारण नाही. पण स्टॉपरची किंमत बऱ्याच अंशी शेजारी कोण आणि पद्धत कोणती यावर ठरते. हे आघाडीच्या खेळाडूलाही लागू पडतं, पण बचावात फार जास्त.

आणि तो स्वयंगोल?

७ जुलै २०२१, वेम्बली. युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेची उपांत्य फेरी, इंग्लंडविरुद्ध डेन्मार्क. डॅम्सगार्डच्या फ्री किकवर डेन्मार्क एक-शून्यनं पुढे. ३९व्या मिनिटाला उजवीकडून इंग्लंडचा बुकायो साका रेषेच्या पलीकडे निसटला आणि त्यानं गोलसमोरून आडवा, जमिनीलगत चेंडू मारला. केअर स्वतःच्या गोलकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं धावत होता. त्याच्या मागे एका पावलावर इंग्लंडचाच रहीम स्टर्लिंग. मिनिटभरापूर्वीच स्टर्लिंगचा अगदी जवळून मारलेला फटका डेन्मार्कचा गोलकीपर कास्पर श्मायकेलनं अंगावर झेलला होता.

आता केअरपुढे दोनच वाटा. पाय घालायचा, किंवा नाही घालायचा. नाही घातला तर मागे स्टर्लिंग रिकाम्या गोलसमोर. घातला तर, आपण गोलकडे धावत असल्यामुळे, चेंडू बाहेर जाण्याची शक्यता थोडी आणि आत जाण्याची जास्त. त्यानं घातला. नोंद झाली: केअर, स्वयंगोल.

खरी चूक कुठे होती? चार सेकंद आधी, जिथं साकाला आत सोडणारा पास उघड्या चेंडूवरून निघाला. पण गुणफलकावर ‘चार सेकंद आधी’ असा रकाना नसतो. इंग्लंडनं जादा वेळेत सामना दोन-एक असा जिंकला.

१२ जून, आणि त्याबद्दलची अतिशयोक्ती

याच स्पर्धेचा डेन्मार्कचा पहिला सामना कोपनहेगनमध्ये फिनलंडशी होता. आपल्याकडे शनिवारची रात्र, साडेनऊला सुरुवात. पहिला अर्धा संपत आला असताना डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन साथीदाराच्या थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढे आला आणि कुणाचा धक्का न लागता तोंडावर कोसळला. हृदय बंद पडलं होतं. केअर धावत पोहोचला.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर फिरलं की केअरनं छाती दाबून एरिक्सनला जिवंत केलं. तसं नाही. छाती दाबणं आणि विजेचा झटका देणं हे डॉक्टर आणि वैद्यकीय पथकानं केलं, आणि जीव वाचला तो त्यामुळे. केअर लवकर पोहोचला, एरिक्सनला कुशीवर ठेवून श्वासाची वाट मोकळी राहील हे त्यानं पाहिलं, असं तेव्हा सर्वत्र नोंदवलं गेलं. (बेशुद्ध माणसाची जीभ ‘गिळली’ जात नाही. ती सैल होऊन मागे पडते आणि वाट अडवते, म्हणून कूस.) मग डॅनिश खेळाडूंनी एरिक्सनभोवती कडं केलं. ते कडं आठवा. पाठी आत, तोंडं बाहेर. कॅमेऱ्यांना काही दिसू नये म्हणून. एरिक्सनची जोडीदार मैदानावर धावत आली तेव्हा केअर आणि श्मायकेल तिला सावरत होते.

सामना आपल्या वेळेनुसार मध्यरात्री पुन्हा सुरू झाला, फिनलंड एक-शून्यनं जिंकलं. ६३व्या मिनिटाला केअर बाहेर आला, पुढे खेळवतच नव्हतं त्याच्यानं. डेन्मार्क दुसराही सामना हरलं, आणि तरी उपांत्य फेरीपर्यंत गेलं. त्या वर्षीचा युरोपीय फुटबॉल संघटनेचा अध्यक्षीय पुरस्कार केअर आणि वैद्यकीय पथक अशा दोघांना मिळून दिला, हे बरं झालं. आणि बॅलन डी’ओरमधल्या अठराव्या क्रमांकात या रात्रीचा वाटा होता का? माझ्या मते होता, बराच. निव्वळ खेळाचे गुण असते तर स्टॉपर त्या यादीत एवढा वर सहसा जात नाही.

शेवटचा आक्षेप: तो बाहेर बसला आणि संघ जिंकला, मग?

१ डिसेंबर २०२१ रोजी जेनोआत, सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली असताना, केअरच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. हंगाम संपला. त्याच्या जागी पिएर कालुलू हा एकवीस वर्षांचा पोरगा फिकायो टोमोरीच्या शेजारी उभा राहिला. या दोघांनी लीगच्या शेवटच्या अकरा सामन्यांत मिळून दोनच गोल खाऊ दिले, आणि मे २०२२ मध्ये मिलान अकरा वर्षांनी इटलीचं विजेतं झालं. भाच्यानं हे शोधून काढलं आणि मला खिंडीत गाठलं: ‘बघ मामा, त्याच्याशिवाय जास्त चांगलं खेळले.’

खेळले, हे खरंच आहे. रेषा बसलेली असेल, शिकवण पक्की असेल, तर माणूस बदलला तरी रेषा चालते. उलट २०२० च्या जानेवारीत ती विस्कटलेली होती तेव्हा केअर आला, आणि त्याच महिन्यात आघाडीचा नामवंत खेळाडू झ्लाटान इब्राहिमोविचही आला. सुधारणेतला कुणाचा वाटा किती, हे मिलानच्या लोकांनाही आकड्यात सांगता येणार नाही. टोमोरी आधीचं जवळजवळ वर्षभर केअरच्या शेजारी खेळला होता. त्यातून तो काय शिकला, हेही कुठल्या तक्त्यात बसत नाही. हा युक्तिवाद भाच्याला पटला नाही, आणि मीही फार ताणला नाही.

केअर परतला, २०२३ मध्ये मिलानबरोबर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, २०२४ ला क्लब सोडला आणि जानेवारी २०२५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. विजेतेपदाच्या त्या हंगामात लीगमधली त्याची नोंद अशी: सामने ११, गोल शून्य.